जांभळाचं मूळ

उकंडाच्या आधी त्याच्या मायची लेकरं जगत नव्हती. म्हणून तो झाला तसं सुईणीनं त्याला उचललं, घरामागच्या उकिरड्यावर नेऊन लोळवलं आणि परत आणून मायच्या कुशीत टाकलं. म्हणजे हे पोरगं ह्यांचं नाही, कचऱ्यात सापडलंय. ज्याला कोणाला ह्यांची लेकरं न्यायची खोड लागलीय त्यानं इकडं पाहू नये. युक्ती लागू पडली, पोरगं जगलं आणि नाव पडलं उकंडा. असं नाव वाट्याला आलं की माणूस एक तर मान खाली घालून चालतो, नाही तर इतरांच्या आधी आपणच हसून घेतो. उकंडा दुसऱ्या जातकुळीतला. "कचऱ्यातूनच आलो बापा, कचऱ्याले कायले भेवू?" असं म्हणायचा आणि पुरात उडी मारायचा.

अरुणावतीला पूर आला की जे वाहून येतं त्याला कचराच म्हणायचं, पण त्यात लाकूड असतं. दिग्रसपासून कोसभरावर नदीच्या काठाला त्याची वस्ती. कापसाच्या दिवसांत तो दिग्रसच्या एका जिनिंगात हमाली करायचा. पावसाळ्यात जिनिंगला कुलूप, मग उकंडा नदीचा. पाठीला तरंगायला सुके भोपळे, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठच्या झाडाला आणि हातात लोखंडी आकडा. लाकूड दिसलं की आकडा रुतवायचा आणि त्याच्यासोबतच वाहत वाहत काठ धरायचा.

लाकूड आधी दिसायचं ते मात्र नलूला. नलू त्याची एकुलती एक लेक, सात-आठ वर्षांची. बापाचं कोरडं धोतर खांद्यावर घेऊन काठावर उभी राहायची आणि ओरडायची, "बाबाऽ, म्हैस येऊन राह्यली, म्हैस!" म्हैस म्हणजे जाड खोड. फांदी असली तर बकरी. चुलीत घालण्याजोगं बारीकसारीक आलं तर, "कोंबड्याच होयेत, राहू द्या!" सगळी वस्ती मग तसंच बोलायला लागली. कोणी विचारलं, "काय बे उकंडा, आज काय धरलं?" तर हा सांगायचा, "दोन म्हशी, एक बकरी. दूध मात्र एकीलेबी नाई."

एकसष्टच्या पावसाळ्यात नलू एकदा ओरडली, "बाबाऽ, हत्ती! हत्ती!"

हत्ती आजवर कधी आला नव्हता. कोणाच्या तरी घराची आडवी तुळई होती, सागाची, अख्खी. उकंडानं आकडा मारला, पण दोर तुटला आणि तुळई त्यालाच ओढत खाली घेऊन चालली. काठावरून नलू पळत होती, बापाच्या बरोबरीनं. "सोडू नका बाबा! सोडू नका!" आणि मग आवाज आला नाही. उकंडानं मान वळवून पाहिलं. काठ तिथं खचलेला होता आणि काठावर कोणी नव्हतं.

त्यानं हत्ती सोडला. आकडाही सोडला.

ती दुसऱ्या दिवशी सापडली, नदी जिथं वळते तिथं. तिथं एका जुन्या जांभळाची मुळं पुरानं धुऊन उघडी पडली होती. त्यातलं एक मूळ पंजासारखं वाकडं होतं. त्या पंजात नलू अडकली होती, खांद्यावरच्या धोतरासकट.

लहान लेकरू, म्हणून पुरलं. माती देऊन लोक घरी गेले. उकंडा मात्र कुऱ्हाड घेऊन परत त्या वळणावर गेला, ते मूळ तोडलं आणि खांद्यावर टाकून घरी आणलं. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या फोटोखालच्या कोपऱ्यात त्यानं ते उभं केलं.

त्याची बायको इंदूबाई चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती. तिनं लाकडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "लाकडापायी पोरगी गेली, अन् तुमी लाकूडच घरी घेऊन आले?"

"असं नको म्हनू व. यानं तिले धरून ठेवलं. नाई तं पार पैनगंगेत गेली असती. आपल्याले तोंडबी दिसलं नसतं."

"धरलं ना? मंग जिती असतानी काहून नाई धरलं?"

उत्तर नसलेली गोष्ट घरात उभी राहिली की दोन माणसांना ते घर पुरत नाही. त्यात त्यांची आणखी एक पंचाईत झाली. तो तिला हाक मारायचा "नलूची माय", ती त्याला म्हणायची "नलूचे बाबा". आता हाक काय मारायची? मग दोघंही हाक न मारताच बोलायला लागली. "भाकर झाली." "पानी हाय का?" भिंतीला सांगावं तसं.

पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या जिभेला तर हाडच नव्हतं. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा घरोघरचे देव टोपलीत भरून ह्याच नदीत सोडले होते, आणि टोपली होती इंदूबाईच्या डोक्यावर. आता त्या म्हाताऱ्या नाकातून गाणं म्हटल्यासारखं म्हणायच्या, "देवं सोडले नदीत, अन् नदीनं वसूल केलं वं बाई. नदी काय फुकट घेते?" उकंडानं एकदा रस्त्यातच त्यांना अडवलं. "ओ आज्या, काठ खचला म्हनून पोट्टी गेली. नदीले काय डोकं असते? तिचं-आपलं देनं-घेनं कायचं?" बोलला तर ठणकावून. पण त्या दिवसापासून त्यानं नदीत काही टाकणं सोडलं, हात धुतलेलं पाणीसुद्धा. अन् पुरातही पुन्हा कधी उतरला नाही.

दिवाळीच्या सुमारास इंदूबाई तिच्या भावाकडं कळंबला निघून गेली. जाताना दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "ते लाकूड घरात हाय तोवर मी येत नाई." आदळआपट नाही, रडणं नाही. असं बोलणारं माणूस माघारी फिरत नाही हे उकंडाला ठाऊक होतं.

आता ह्या मुळाचं करायचं काय? चुलीत घालावं तर नलूला धरलेला हात जाळल्यासारखं. नदीत सोडावं तर नदीला आणखी एक दिल्यासारखं, म्हाताऱ्यांचं म्हणणं खरं केल्यासारखं. कोणाला जळण म्हणून द्यावं तर तो जाळणारच. बायको परत यायची तर मूळ जायला हवं, आणि मुळाला जायला ह्या जगात जागा नव्हती.

जागा सापडली ती बसंतीबाईमुळं. बसंतीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची; डोक्यावर मोळी घेऊन दिग्रसच्या बंगल्यांना जळण पुरवायची. कोणतीही गोष्ट सांगायची तर सुरुवात "याडी ये!" अशीच व्हायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. बाईला आनंद झाला तरी याडी आणि ठेच लागली तरी याडी. ती उकंडाच्या दारात मोळी टेकवून बसली.

"याडी ये! काय सांगू तुले उकंडा. जिनिंगच्या मॅनेजरची बाई हाय ना, पुण्याची? तिच्या घरात काचेची पेटी हाय. पेटीत पानी, पान्यात मासे. खात नाई, विकत नाई, नुस्ती पाहते! अन् मले म्हनते कशी," इथं बसंतीबाईनं पदर सारखा केला आणि आवाज बारीक केला, "'बसंती, मला नदीतलं एखादं वाकडंतिकडं मूळ हवंय हं. माशांना आडोशाला.' म्या म्हनलं, बाई, सारं जग सरळ लाकूड मागते, अन् तुमाले वाकडं पायजेन?"

उकंडा हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. बसंतीबाईनं कोपऱ्याकडं पाहिलं आणि आवाज आपला केला. "दे ना बापू ते. तू जाळत नाई, टाकत नाई. तिथं पान्यात ऱ्हाईल, नदीत नाई. काचेतून दिसल बी. अन् इंदू येईल घरी."

दुसऱ्या दिवशी हमाली आटोपून उकंडा मॅनेजरच्या बंगल्यावर गेला. प्रभावतीबाईंच्या तोंडातून शब्द इस्त्री करून, घडी घालून बाहेर यायचे. "ये ना, आत ये. चप्पल राहू दे. ही बघ, ही ठकी, ही चिंगी. आणि तो काळा आहे ना, तो पंत. भारी रागीट!" लोखंडी चौकटीची पेटी, दिवाणखान्यात खिडकीशेजारी. नागपूरहून आणलेले सोनेरी, काळे मासे उजेडाला बुजून एकमेकांच्या आड दडत होते. "लपायला जागा नाही बिचाऱ्यांना. मी मासिकात वाचलंय. मूळ घासायचं, उकळायचं, मग पाण्यात भिजत ठेवायचं. पाणी रोज बदलायचं. रंग यायचा थांबला की मगच पेटीत. जमेल तुला?"

उकंडा माशांकडं पाहत होता. पंजाच्या बोटांतून हे आत जातील, बाहेर येतील. जिवंत.

"जांभळाचं हाय बाईसाहेब," तो म्हणाला. "सडत नाई. आमी विहिरीच्या बुडाले तेच घालतो. देतो तुमाले."

शब्द दिला. त्याचा चुलतभाऊ नागोराव लेकीला भेटायला एष्टीनं कळंबला जायचा, त्याच्याजवळ इंदूबाईला निरोप धाडला. निरोप परत आला तो एवढाच : "घरातून गेलं म्हंजे येईन."

संक्रांतीला काम सुरू झालं. बाईसाहेबांनी अर्धं कापलेलं टिपाड दिलं. उकंडानं तीन धोंड्यांवर ते मांडलं. मुळाची कुजलेली साल सुरीनं खरवडली, बोटांच्या बेचक्यांत अडकलेली रेती काडीनं काढली, नारळाच्या काथ्यानं घासलं. मग उकळलं. एक बाजू झाली की दुसरी. पाणी लालभडक. वस्तीला तर फुकटचा तमाशाच मिळाला.

"काय शिजून राह्यलं बे?" नागोराव यायचा. नागोरावचा आवाज म्हणजे जिनिंगच्या भोंग्याचा धाकटा भाऊ. त्यानं कानात सांगितलेली गोष्ट नदीपलीकडं ऐकू जायची. "लाकडाची भाजी? मीठ टाकलं का? अन् ह्या रश्श्याचा कलर पाह्य, बोकडालेबी असा येत नाई!"

"चहा होय दादा. घे कपभर."

"नको बापा. पोटात झाड उगन."

दिवसभर ऊन, रात्रभर टिपाडातलं भिजणं. सकाळी पाणी ओतायचं, पण नदीकडं नाही, परसातल्या वांग्यांना. पाणी लालाचं तांबूस झालं, तांबसाचं पिवळं झालं. कामावर जाताना उकंडा मुळाला सांगून जायचा, येताना विचारायचा. इतके महिने ते कोपऱ्यात उभं होतं तेव्हा तो त्याच्याशी बोलला नव्हता. आता हात लावता लावता बोलणं आपोआप येत होतं. "आज जिनिंगात साप निघाला नलू. एवढा. तू असती तं म्हनली असती, दोर होय."

प्रभावतीबाई निरोप पाठवायच्या, कधी जिनिंगाच्या फाटकाशी भेटायच्या. "काय उकंडा, झालं का रे?"

"रंग सोडून राह्यलं बाईसाहेब. अजून."

"अरे, पण किती सोडणार? मासिकात तर पंधरवडाच म्हटलंय!"

"मासिकवाल्यायचं लाकूड येगळं असन."

होळी आली तरी रंग सुटतच होता. एका सकाळी नागोराव बिडी पेटवायला विस्तव मागायला आला आणि टिपाडात वाकून पाहिलं. त्यानं हात घालून मूठभर काहीतरी बाहेर काढलं. बाभळीची साल.

"उकंडा," नागोरावचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हे कायले टाकून राह्यला?"

उकंडा विस्तव घ्यायला चुलीकडं वळला.

"पानी कवाचंच नितळ झालं, नाई का? अन् तू वरून साल टाकतं. म्हंजे रंग सुटतच ऱ्हाईल, अन् तुले द्याव लागनार नाई." त्यानं साल मातीत फेकली. "तिकडं कळंबले ते बाई रोज एष्टीच्या टायमाले दारात येऊन उभी ऱ्हाते. माही लेक सांगते. गाडी जाते, मंग आत जाते. अन् तू इथं साल टाकून राह्यला बे."

एवढं बोलून तो विस्तव न घेताच गेला.

त्या दिवशी उकंडानं मूळ बाहेर काढलं आणि उन्हात वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी त्यानं गोणपाट अंथरलं, मूळ मांडीवर घेतलं. बंगल्यावर न्यायचं होतं. परक्या घरी. आणि त्याला आठवलं, इंदू नलूला कोरड्या डोक्यानं कुठंच धाडत नसे. शाळेत नाही, बाजारात नाही, मामाकडं तर नाहीच. उवा फार व्हायच्या पोरीला, म्हणून तेल करंजाचं. उग्र, कडू. नलू नाक दाबून ओरडायची, "माय वं, वास येते, वास येते!" बाटली अजून कोनाड्यात होती, इंदूनं ठेवली तशी.

त्यानं तेल तळहातावर घेतलं आणि मुळाला लावलं. आधी पाठीवरून, मग एकेका बोटाला. कोरडं लाकूड तेल पीत गेलं आणि तो ओतत गेला. लेकीच्या डोक्याला तेल त्यानं कधी लावलं नव्हतं. ते मायचं काम. किती लावतात हे त्याला ठाऊक नव्हतं. बाटली संपली.

लहानपणी ह्याच उकंडानं करंजाच्या बिया ठेचून नदीच्या डबक्यात टाकल्या होत्या. मासे झिंगून उताणे वर यायचे आणि पोरं ते हातानं गोळा करायची. ही गोष्ट त्याला त्या सकाळी आठवायला हवी होती. पण मासे आठवायला मांडीवर पेटीत ठेवायचं लाकूड असावं लागतं, आणि त्याच्या मांडीवर लाकूड नव्हतं.

दुपारी मूळ पेटीत बसलं. तरंगू नये म्हणून बाईसाहेबांनी खाली चपटा दगड बांधला. "किती सुंदर रे! अगदी सांबराची शिंगं!" ठकी आधी लांबून पाहून गेली, मग बोटांमधून आत शिरली. मागोमाग चिंगी. पंत आपला रागानं दगडाशी. उकंडा काचेला नाक लावून उभा होता. प्रभावतीबाईंनी त्याला चहा दिला, तो हातात निवून गेला.

नागोराव त्याच दिवशी कळंबला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एष्टीनं इंदूबाई आली. वाळली होती. दारात उभं राहून तिनं कोपऱ्याकडं पाहिलं. कोपरा रिकामा होता. ती आत आली, गाठोडं ठेवलं, चुलीतली राख काढायला बसली. "पीठ हाय का?" तिनं विचारलं. "हाय," तो म्हणाला. एवढंच. पण त्या घरात तितकंही फार दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

भाकरी तव्यावर होती तेव्हा जिनिंगचा माणूस सायकलवर आला. "उकंडा, बाईसाहेबांनी बोलावलं. आताच्या आता."

पेटीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता, ऊन पडून त्यात मोराचे रंग दिसत होते. ठकी, चिंगी आणि बाकीचे सगळे मरून बशीत काढून ठेवलेले. पंत तेवढा बाईसाहेबांच्या तळहातावर होता, त्या त्याला पाण्याच्या वाटीत हलवत होत्या. हलत नव्हता.

"काय लावलंस रे ह्याला?" त्यांच्या बोलण्याची इस्त्री गेली होती.

"तेल."

"तेल! लाकडाला? कशासाठी?"

"तेलाबिगर कशी धाडू तिले?" उकंडा म्हणाला, आणि मग त्याला करंजाच्या बिया आठवल्या. डबकं आठवलं, उताणे मासे आठवले.

"तिला म्हणजे? कोणाला?"

मग त्यानं सांगितलं. काठ, हत्ती, वळण, पंजा. प्रभावतीबाई ऐकत होत्या, पंत हातातच होता. सांगून झाल्यावर त्यांनी पंतला बशीत, बाकीच्यांशेजारी ठेवलं. "मला आधी का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर मी मागितलंच नसतं." डोळे पुसले. "घेऊन जा तू. रागानं नाही सांगत. पण मला आता नाही बघवणार ते. खरंच नाही."

मूळ पुन्हा खांद्यावर आलं. भिजून जड झालेलं, तेलानं बुळबुळीत. वाटेत पूल होता. खाली अरुणावती उन्हाळ्याला लागलेली, धोंड्यांमधून वाट काढत चाललेली. बायको घरी होती. हे घेऊन गेला तर ती उठून जाणार. इथून टाकलं तर कोणाला कळणार नव्हतं. उकंडानं मूळ कठड्यावर टेकवलं. बराच वेळ टेकवून उभा राहिला. मग परत खांद्यावर घेतलं. नदीला दिलं तेवढं पुष्कळ झालं होतं.

घरापाशी आला तसा तो दाराबाहेरच थांबला. मूळ भिंतीशी ठेवून उंबऱ्याच्या बाहेर बसला. आत जायची छाती होत नव्हती. आतून पुन्हा भाकरी थापायचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला.

इंदूबाई दारात आली. लाकूड पाहिलं. तिचा चेहरा जाताना होता तसा व्हायला लागला. ती मागं वळली, गाठोड्याकडं. आणि मधेच थांबली. नाक वर करून तिनं वास घेतला. परत घेतला. मग बाहेर आली, मुळापाशी वाकली, त्याच्या एका बोटावरून हात फिरवला आणि हात नाकाशी नेला.

"नलूचं तेल," ती म्हणाली.

"हो."

"तुमी लावलं?"

"हो."

"सारं? बाटली?"

त्यानं मान हलवली. "मासे मेले मॅनेजरच्या बाईचे. सारेच. माह्याच्यानं."

इंदूबाई तिथंच मातीत बसली. पदर तोंडाशी नेला आणि त्यातूनच बोलली, "इतकं लावतेत का वो नलूचे बाबा? चमचाभर लावत होती मी. तेवढ्यानंच किती ओरडे ते..."

नलूचे बाबा. ती हाक इतक्या दिवसांनी कानावर पडली आणि उकंडा रडला. पोरीला माती देताना रडला नव्हता तसा, नाकातोंडातून. तव्यावरची भाकर करपली. नागोराव दारासमोरून जाताना थबकला, भोंगा वाजवायला तोंड उघडलं, आणि मिटून निघून गेला.

उन्हं उतरली तेव्हा इंदूबाई उठली. चुलीतली राख आणली. टिपाड अजून परसातच होतं. दोघांनी मिळून मूळ त्यात उभं केलं. ती राखेनं घासत होती, तो पाणी ओतत होता. तेल सुटायला लागलं, आणि तेलाखालून पाणी पुन्हा तांबूस होऊ लागलं. आता त्यात साल नव्हती.

"अजून सोडूनच राह्यलं," उकंडा हळूच म्हणाला.

"सोडू द्या," इंदूबाई म्हणाली, आणि पुढचं बोट घासायला घेतलं.